माकडतापाचा खर्च कोणी केला?

१९५७ च्या मार्च महिन्यात शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात माकडं मरून पडू लागली. जंगलाच्या कडेच्या गावांत माणसंही तापाने फणफणत होती. डोकं ठणकायचं, अंग मोडून यायचं, काहींच्या नाकातोंडातून रक्त यायचं, काही दगावायचे. त्या जंगलाचं नाव क्यासनूर. पुस्तकांत हा आजार 'क्यासनूर फॉरेस्ट डिसीज' या नावाने आहे. कन्नड माणूस त्याला सरळ 'मंगन कायिले' म्हणतो, म्हणजे माकडाचा आजार. आपल्या सिंधुदुर्गात आणि गोव्यात तो 'माकडताप' झाला.

बातमी पुण्याला पोचली आणि तिथून एक तुकडी सोरबला गेली. मेलेल्या माकडांच्या अवयवांतून आणि आजाऱ्यांच्या रक्तातून त्याच वर्षी एक विषाणू वेगळा काढला गेला. जगाला तोवर माहीत नसलेला. एका खेड्यात ताप येतो आणि वर्ष संपायच्या आत त्याचा विषाणू हाती लागतो, ही गोष्ट १९५७ च्या भारतात किती विलक्षण होती याची कल्पना करा. तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळून दहा वर्षंही झाली नव्हती, परकीय चलनाचा खडखडाट होता आणि देवी, मलेरिया, कॉलरा यांनीच दवाखाने भरलेले होते.

मला या गोष्टीत विषाणूपेक्षा दुसऱ्याच एका प्रश्नात रस आहे. त्या तुकडीच्या जीपमध्ये पेट्रोल कोणाच्या पैशाने भरलं होतं?

उत्तर शोधायला पुण्यातच थांबावं लागतं. आंबेडकर रस्त्यावर एनआयव्हीची, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची जुनी जागा आहे. कोविडच्या काळात हे नाव रोज टीव्हीवर यायचं, त्यामुळे तुम्हाला ते ठाऊक असेल. मी त्या रस्त्याने वर्षानुवर्षं जातो आणि तिथे १९५२ साली काय सुरू झालं हे फार उशिरा वाचलं. तेव्हा तिचं नाव होतं 'व्हायरस रिसर्च सेंटर' आणि ती दोघांची मिळून होती: भारतीय वैद्यक संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन. आयसीएमआरचे पहिले संचालक चिंतामण गोविंद पंडित यांचा हे केंद्र उभं करण्यात मोठा वाटा होता. सुरुवातीचे संचालक मात्र रॉकफेलरने पाठवलेले अमेरिकन. क्यासनूरला काम सुरू झालं तेव्हा संचालक होते टेलफर्ड वर्क.

तेलाच्या धंद्यात गडगंज झालेल्या घराण्याच्या संस्थेला पुण्यात प्रयोगशाळा कशाला हवी होती? याचं उत्तर पिवळ्या तापात आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात रॉकफेलरने पिवळ्या तापामागे अतोनात पैसा आणि माणसं लावली. त्यांच्याच प्रयोगशाळेत मॅक्स थेलर यांनी १७-डी ही लस बनवली आणि १९५१ चं नोबेल मिळवलं. पुढचा प्रश्न असा होता की डास-गोचिड्यांमार्फत पसरणारे असे आणखी किती विषाणू उष्ण कटिबंधात दडून बसलेत? मग ब्राझीलमधलं बेलेम, त्रिनिदाद, दक्षिण आफ्रिकेतलं जोहान्सबर्ग अशी प्रयोगशाळांची साखळी उभी राहू लागली. पुणे त्या साखळीतली एक कडी होती.

म्हणजे प्रश्न न्यूयॉर्कमध्ये ठरला होता. तो चुकीचा होता असं मी म्हणत नाही. उलट, त्या काळी भारतात हा प्रश्न विचारायला ना कोणाला फुरसत होती, ना कोणाकडे पैसा. केंद्र सुरू झाल्याबरोबर देशभरातून माणसांच्या रक्ताचे नमुने गोळा करून कोणकोणत्या विषाणूंच्या खुणा त्यांत सापडतात हे पाहिलं गेलं. १९५४ साली छापून आलेल्या त्या निबंधावर स्मिथबर्न, कर आणि गटणे अशी तीन नावं आहेत. तिसरं नाव वाचून मला उगाच बरं वाटलं. त्या नमुन्यांपैकी काहींत झिकाच्या प्रतिपिंडांच्या खुणा होत्या. या गटातले विषाणू एकमेकांसारखे दिसतात, त्यामुळे आज त्या निष्कर्षाकडे जरा जपूनच पाहिलं जातं. पण १९४७ मध्ये युगांडात सापडलेल्या विषाणूबद्दल पाच-सात वर्षांत पुण्यात चाचणी होत होती, आणि महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण नोंदला गेला २०२१ साली, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात. युगांडातली ती प्रयोगशाळाही मुळात रॉकफेलरच्याच पैशावर उभी राहिली होती. साखळी म्हणजे काय, ते इथे कळतं.

०००

क्यासनूरला पोचलेल्या माणसांच्या डोक्यात पहिला संशय पिवळ्या तापाचाच आला. दक्षिण अमेरिकेत जंगलातली माकडं मरून पडायला लागली की पिवळा ताप आला असं समजायचं, ही त्यांची शिकवण. आणि भारताला धास्ती त्याचीच होती. पिवळा ताप पसरवणारा डास आपल्या घरोघरच्या पाण्याच्या पिंपात आहे, पण विषाणू आजवर इथे आलेला नाही. तो आला असता तर काय झालं असतं, याचा विचार त्या वेळच्या आरोग्य खात्याने नक्की केला असणार.

पण तो पिवळा ताप नव्हता. सापडलेला विषाणू जवळचा निघाला तो सायबेरियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूला. तो आजार गोचिड्या पसरवतात. मग डासांची जाळी बाजूला ठेवून सगळे गोचिड्यांच्या मागे लागले. जमिनीवरून फडकी ओढायची आणि त्यांना चिकटलेल्या गोचिड्या चिमट्याने वेचून बाटलीत भरायच्या. दिवसच्या दिवस. मोठमोठ्या शोधांचं काम बऱ्याचदा इतकं कंटाळवाणं असतं. यातून 'हिमॅफिसॅलिस स्पिनिजेरा' ही गोचिडी मुख्य वाहक ठरली. तिची पिल्लं डिसेंबरनंतर जंगलात वाढतात, म्हणून ताप डिसेंबर ते मे या महिन्यांत येतो.

ही माणसं कुठून कुठून आली होती बघा. हॅरल्ड ट्रॅपिडो पनामात काम करून आलेले. पुढे आलेले होर्हे बोशेल कोलंबियाचे. तिथे त्यांनी पाहिलं होतं की लाकूडतोड्यांनी उंच झाड पाडलं की शेंड्यावर राहणारे डास झाडाबरोबर खाली येतात आणि तोडणाऱ्यांना चावतात. जंगलातला पिवळा ताप माणसात यायची एक वाट ती. हा माणूस म्हैसूरच्या जंगलात आला तेव्हा त्याची नजर आपोआप माणसं जंगलाशी काय करतात याकडे गेली. १९६९ मध्ये त्यांनी मांडलं ते थोडक्यात असं: विषाणू बाहेरून आलेला असण्याची गरज नाही, तो इथल्या लहान प्राण्यांत आणि गोचिड्यांत बहुधा पूर्वीपासून असावा. बदललं ते जंगल. लोकसंख्या वाढली, भातशेतीसाठी जंगल कापलं गेलं, कडेला घाणेरीची झुडपं माजली आणि जंगलात चरायला गुरं जाऊ लागली. मोठ्या गोचिडीला गुराचं रक्त मिळालं की ती हजारोंनी अंडी घालते. गाय आजारी पडत नाही, पण गोचिड्यांचं पीक मात्र काढते.

हे मला सहकार्याच्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण वाटतं. पैशाने यंत्रं विकत घेता येतात. कोलंबियात वीस वर्षं घालवलेली नजर सागरच्या मैदानी केंद्रावर आणून बसवायची तर देशोदेशी माणसं फिरवणारी एखादी व्यवस्था लागते. तिथे त्या नजरेसोबत पी. के. राजगोपालन यांच्यासारखे तरुण भारतीय कीटकशास्त्रज्ञ तयार झाले, आणि पुढे देशभरातल्या डासांच्या कामावर त्यांचा ठसा राहिला.

किंमतही मोजावी लागली. आज एनआयव्हीच्या पाषाणच्या आवारात सर्वोच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा आहे, अंतराळवीरांसारखे पोशाख घालून आत जायचं असतं. पन्नास-साठच्या दशकांत यातलं काही नव्हतं. माकडतापावर काम करताना पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या अनेक माणसांना तोच ताप झाला. त्यात शास्त्रज्ञ होते, तंत्रज्ञ होते, पिंजरे धुणारेही असणार. निबंधांच्या शेवटी फाउंडेशनचे आभार असतात. पिंजरे धुणाऱ्यांची नावं मला कुठे दिसली नाहीत.

०००

आता पक्षी. सायबेरियातल्या विषाणूचा भाऊबंद शिमोग्यात कसा आला, असा प्रश्न पडल्यावर कोणाच्याही मनात येईल ते शास्त्रज्ञांच्याही मनात आलं: हिवाळ्यात उत्तरेतून येणारे पक्षी अंगावर गोचिड्या घेऊन येत असतील का? मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत बसलेले सलीम अली बरीच वर्षं पक्ष्यांच्या पायात कड्या घालून त्यांचं स्थलांतर तपासायचं म्हणत होते. पैसे नव्हते. माकडतापाने ती वाट उघडली. जागतिक आरोग्य संघटनेने १९५९ च्या सुमारास पैसे दिले, आणि कच्छ, भरतपूर वगैरे ठिकाणी जाळी लागली, हजारो पक्ष्यांच्या पायात कडी चढली. आज आपल्याला भारतातल्या पक्षी-स्थलांतराबद्दल जे ठाऊक आहे त्याचा पाया एका तापाच्या भीतीवर घातला गेलाय. मला हा योगायोग फार आवडतो.

पण आरोग्य संघटनेचा पैसा आटला. मग साठच्या दशकात पैसा आला तो 'मॅप्स' नावाच्या प्रकल्पातून. स्थलांतरित प्राण्यांमधले रोग पाहणारा हा प्रकल्प पूर्व आशियात मोठा होता, आणि त्याच्यामागे अमेरिकी लष्कर होतं. व्हिएतनाम युद्धाचे दिवस. शास्त्रज्ञांना पक्षी हवे होते. लष्कराला कोणते रोग कुठून कुठे जातात ते हवं होतं. दोघांची वही एकच.

याच काळात दिल्लीत आणखी एक सहकार्य सुरू होतं. आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना मिळून डासांचं 'जनुकीय नियंत्रण' करून पाहत होत्या: प्रयोगशाळेत नर डास वांझ करायचे, लाखोंनी सोडायचे, आणि माद्यांची अंडी फुकट घालवायची. खर्च बहुतांशी पीएल-४८० च्या रुपयांतून.

पीएल-४८० चा अर्थ घरातल्या आजीला विचारा. रेशनच्या दुकानातला अमेरिकन लाल गहू ती विसरलेली नसते. त्या गव्हाचे पैसे भारताने डॉलरमध्ये न देता रुपयात दिले. ते रुपये भारतातच, पण अमेरिकेच्या नावावर साठत गेले. बाहेर नेता येत नव्हते, म्हणून त्यातले काही इथल्या संशोधनावर खर्च झाले. साठच्या दशकातल्या पुण्याच्या माकडतापाच्या कामालाही यातला वाटा मिळाला. म्हणजे असं, की आजीने रांगेत उभं राहून घेतलेल्या गव्हाच्या पैशातून कोणीतरी सागरच्या जंगलात गोचिड्या वेचत होतं. पैसा परदेशी म्हणायचा की देशी? मला अजून ठरवता आलेलं नाही.

१९७४ मध्ये पीटीआय वृत्तसंस्थेच्या एका बातमीने या सगळ्यावर बोट ठेवलं. डास-प्रकल्पाने सोनीपतमध्ये सोडण्यासाठी निवडला होता तो एडीस इजिप्ती, पिवळा ताप वाहणारा डास. मलेरियाने देश हैराण असताना नेमका हाच का? पक्ष्यांच्या कामात लष्कराचा पैसा का? जैविक युद्धाची तालीम चालली आहे का? संसदेच्या लोकलेखा समितीने चौकशी केली आणि १९७५ च्या अहवालात झोडपून काढलं. सोनीपतचे डास सुटलेच नाहीत. डास-प्रकल्प त्याच वर्षी गुंडाळला गेला. लंडनच्या 'नेचर'ने वैतागून अग्रलेख लिहिला.

जैविक युद्धाचा आरोप सिद्ध झाला नाही, आणि मलाही तो पटत नाही. एडीस इजिप्ती डेंग्यूही पसरवतो. तो काम वाढवत असताना त्याच्यावरचा प्रयोग बंद पडला, हे आज डेंग्यूच्या मोसमात जास्तच बोचतं. पण समितीचा एक मुद्दा मला आजही रास्त वाटतो. गावकऱ्यांना, संसदेला, कधीकधी खुद्द आरोग्य खात्यातल्या माणसांना हे ठाऊक नव्हतं की पैसा कोणाचा, माहिती कोणाकडे जाणार आणि हाच डास का. विचारल्यावर उत्तरं अर्धवट मिळाली. ज्याच्या अंगणात डास सोडायचे त्याला हिशेब न दाखवता केलेलं काम संशयाने मेलं. विज्ञान चुकलं म्हणून ते बंद पडलं नाही, एवढं समजून घ्यायला हवं.

०००

रॉकफेलर तोवर निघून गेलं होतं. १९६७ मध्ये त्यांनी पुण्यातून हात काढला. भांडण वगैरे झालं नाही. फाउंडेशनला आता दुसरे विषय महत्त्वाचे वाटत होते, एवढंच. केंद्र आयसीएमआरच्या पैशावर चालू राहिलं, १९७८ मध्ये त्याचं नाव बदललं. आणि ते चाललं, हे नोंदवायला हवं. १९६५ मध्ये नागपूरच्या चांदीपुरा भागातल्या रुग्णांच्या रक्तात सापडलेला चांदीपुरा विषाणू याच केंद्राचा. २००३ मध्ये आंध्रात आणि २०२४ मध्ये गुजरातेत मुलं दगावली तेव्हा हा विषाणू ओळखायची चाचणी आपल्या हाताशी होती, कारण कोणीतरी चाळीस वर्षांपूर्वी त्याला नाव देऊन ठेवलं होतं.

पण माकडतापाचं काय झालं? इथे मला राग येतो.

शोध लागला, वाहक सापडला, जंगलाचं गणित मांडलं गेलं. उरली लस. पहिल्यांदा अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेत बनलेली, सायबेरियातल्या आजारावरची लस शिमोग्यातल्या हजारो लोकांना टोचून पाहिली. उपयोग झाला नाही. मग पुण्यातच कोंबडीच्या अंड्यातल्या पेशींवर विषाणू वाढवून, फॉर्मॅलिनने मारून लस तयार केली. ती साठच्या दशकातली पद्धत. तीच लस, कमीअधिक तशीच, कर्नाटकात पुढची कित्येक दशकं वापरली गेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन डोसांनी सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरनंतर सुमारे ८३ टक्के संरक्षण दिसलं. इंजेक्शन दुखायचं, पुन्हा पुन्हा घ्यावं लागायचं, त्यामुळे लोक दुसऱ्या डोसाला यायचे नाहीत. शेवटी तिचा जोरच उतरला आणि २०२२ च्या सुमारास ती बंद झाली.

माणसाने चंद्रावर पाऊल ठेवण्याआधीची लस २०२२ पर्यंत चालवली आणि मग काहीच उरलं नाही. का? कारण शोधाला पैसा मिळतो, देखभालीला मिळत नाही. नवा विषाणू सापडला की निबंध निघतो, फाउंडेशनच्या वार्षिक अहवालात फोटो येतो. दरवर्षी काही शे माणसांना, त्यातही जंगलाकडेच्या मजुरांना होणाऱ्या तापावरची लस सुधारून कोणत्या कंपनीला नफा होणार? जागतिक आरोग्य संघटनेची 'दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारां'ची यादी आहे, ज्यामुळे देणगीदारांचं लक्ष जातं. माकडताप त्या यादीतही नाही. दुर्लक्षितांनीही दुर्लक्ष केलेला आजार. २००३ मध्ये अशाच आजारांवर औषधं काढण्यासाठी जिनिव्हात 'डीएनडीआय' ही संस्था निघाली आणि तिच्या संस्थापकांत आयसीएमआर होती. तिने काळ्या आजारावर, झोपेच्या आजारावर मोलाचं काम केलं. माकडताप तिच्याही वाट्याला आला नाही.

दरम्यान तापाने मुक्काम हलवला. १९८३ च्या मोसमात दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडीच्या बाजूला काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडलं गेलं आणि त्या साथीत दीड हजारांवर रुग्ण आणि सुमारे दीडशे मृत्यू नोंदले गेले. बोशेल यांनी चौदा वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. पुढे वायनाड. २०१५ मध्ये गोव्याचा सत्तरी तालुका. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग.

दोडामार्गचा हिशेब साधा आहे. काजूची बोंडं जानेवारी ते मे पडतात. गोचिड्यांची पिल्लं त्याच महिन्यांत पाल्यापाचोळ्यात असतात. बोंडं खाली वाकून, पाचोळ्यात हात घालून वेचावी लागतात. माझ्या मावशीचं घर तिकडे आहे. तिला विषाणूचं नाव सांगता येत नाही, पण बागेत मेलेला वानर दिसला की कोणाला फोन करायचा हे पक्कं माहीत आहे. आरोग्य केंद्रातून गोचिड्या दूर ठेवणारं तेल मिळतं. ते हातापायांना चोळायचं, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे उकळायचे. ती म्हणते, तेलाचा वास इतका उग्र की बोंडांचा वास येत नाही.

आता आयसीएमआर आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स मिळून नवी लस करतायत, माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत काम आलंय. या वेळी प्रश्न इथेच ठरलाय आणि पैसाही मुख्यतः इथलाच आहे. लस आली तर ती कोणाला, किती डोस, कोणाच्या खर्चाने टोचायची, सिंधुदुर्ग आणि सत्तरी त्या यादीत असतील की फक्त कर्नाटक, हे अजून ठरायचंय. पुढच्या डिसेंबरात गोचिड्यांची पिल्लं निघतील, आणि जानेवारीपासून काजू पडायला लागतील.